जिभेखाली

गोळी कुटून देते ठोंबरे सिस्टर,
स्टीलच्या चमच्यातून, जिभेखाली.
म्हणते, गिळू नकोस, बोलू नकोस,
विरघळू दे.
तुर्भ्याच्या या खोलीत आम्ही नऊ जण
तोंडात कडू चिखल धरून
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतो.
सात मिनिटं. कधी दहा.
मला जे काही सांगायचं असतं
ते नेमकं याच वेळेत सुचतं.

पहिल्या दिवशी मी घाई केली होती.
पहाटे पन्नी ओढलेली, सकाळी इथं हजर,
विचारलं तर म्हणालो, परवा घेतली शेवटची.
अर्ध्या तासात हाडांत कुणी बर्फ फोडायला लागलं,
नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात पिळा.
संडासाचं दार धरून मी सिस्टरला आईवरून शिव्या दिल्या.
ती म्हणाली, खोटं तू मला नाही बोललास,
गोळीला बोललास.
गोळी ऐकून घेत नाही.

नंतर कळलं ते माझ्या भाषेत असं :
कांदा-बटाट्यात एकच गाळा आहे, समजा.
पावडर त्यात माल लावून बसलीय.
गोळी येते, अंगानं दांडगी,
तिचा माल रस्त्यावर फेकते
आणि स्वतः शटर अर्धंच वर करून बसते.
म्हणून थांबायचं. टर्की लागू द्यायची,
जांभया, काटा, घाम,
गाळा रिकामा व्हायला लागला की मग गोळी.
एकदा ती बसली
की रात्री पावडरची गाडी आली तरी
उतरवायला जागा नाही.
मी करून पाहिलंय. चारशे रुपये,
सानपाड्याच्या पुलाखाली,
आणि नुसता धूर.
आपल्याच लग्नात उपाशी राहिल्यासारखं.

पण बटनाला तो गाळा लागतच नाही.
ते मागच्या गेटनं येतं.
देशीही त्याच गेटनं.
पावती नाही, वजनकाटा नाही.
दोघं मिळून एकेक दिवा मालवत जातात,
आणि गोळी,
जी एकटी असताना सहसा कुणाचं वाईट करत नाही,
तीही गपचूप हात लावते.

मुनाफला हे ठाऊक होतं.
निफाडच्या गाडीवरचा क्लीनर, माझ्यापेक्षा हिशेबी,
गाडी सोडून इथंच राहिला गोळीसाठी,
एक दिवस खाडा नाही.
झोप येत नव्हती त्याला, एवढंच.
चार बटनं, वर क्वार्टर,
रिकाम्या गोण्यांवर उताणा.
आम्ही म्हणालो, आज घोरतोय बघा कसा.
घोरणं नव्हतं ते.
हे मला आता माहीत आहे.
तेव्हा मी त्याच्या अंगावर गोणपाट टाकलं होतं.

आज माझ्या खिशात पट्टी आहे.
दहातली आठ उरलीत.
सिस्टरनं रजिस्टरातून वर न बघता विचारलं,
काय काय घेतलंस, हिंदुराव?
मी म्हणालो, काही नाही.
चमचा तोंडाशी आला.
जीभ उचलायची होती फक्त.
म्हणालो, दोन.
दोन काय?
बटनं. मघाशी, नाक्यावर.

ती ओरडली नाही.
चमच्यावर वाटी उपडी घातली,
मला खिडकीजवळ बसवलं,
डॉक्टरांना फोन लावला
आणि मनगटावरच्या घड्याळावरून नजर
माझ्या छातीवर, परत घड्याळावर.
चौदा, म्हणाली. बऱ्याच वेळानं, तेरा.
बाकीचे आठ जण तोंड मिटून बघत होते.
माझी जीभ मोकळी होती
आणि काही सुचत नव्हतं.
पट्टी काढून मी बाकड्यावर ठेवली.
डोळे मिटू नकोस, ती म्हणाली,
बोलत राहा. काहीही बोल.

मी म्हणालो, गोणपाट ओलं होतं, सिस्टर.