पितळी चौकट

ओहायोत, वूस्टर गावाबाहेर, बियाण्यांच्या गोदामाला लागून
मर्ल स्टॉफरचं दुकान. आत गळ, रबरी बूट,
बदकांना फसवायच्या शिट्ट्या,
आणि काचेखाली हे रिव्हॉल्वर.

दोनशे एकोणीस डॉलर.
पोलादी चौकटीचं घेतलं तर जवळजवळ दुप्पट.
मी किंमत दोनदा वाचली
आणि मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला नाही.
अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

"नक्कल आहे," मर्लनं आधीच सांगितलं.
"इटलीत करतात. मापं मात्र
पावणेदोनशे वर्षांपूर्वीची."

मापं म्हटल्यावर माझा हात खिशात गेला.
शिरोलीच्या फाउंड्रीत लागलेली खोड,
फीलर गेज घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.
नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट:
आठ थाऊ. म्हणजे तीनेक केस.
मग खटका कानाशी धरून ऐकला,
नारळ घेताना ऐकतात तसा.
"घोड्याचे दात बघतोयस जणू," मर्ल म्हणाला.

"फॉर्म?" मी पेन काढलंच होतं.
"ह्याला नाही लागत. कायद्याच्या लेखी
ही बंदूकच नाही."
पेन हातात धरून मी उभा.
या देशात माझ्या नावाचे कागद किती,
चारदा बोटांचे ठसे, छातीचा एक्स-रे,
लग्नाचा फोटो, ज्यात आम्ही खरंच नवराबायको दिसतो का
हे नेब्रास्कात बसून कुणीतरी पाहिलं.
आणि माणूस मारू शकेल अशी ही वस्तू
नुसत्या पावतीवर निघाली. पावतीवर शब्द होता: इतर.

"पितळ मऊ असतं," पिशवीत घालताना तो म्हणाला.
"पंधरा ग्रेन दारू. वीस नको.
लगेच काही होत नाही. पण दर बाराला
जराजरा ताणत जातं. एक दिवस
फट तुझी तुलाच दिसेल."
पितळ उघडं पडणं, मला आठवलं,
पण त्याला सांगून काय उपयोग.
आपल्या पितळाची फक्त झिलई उडते,
ते ताणलं जात नाही.

घरी वैजयंतीनं खोका उघडला.
"कुणाला?" एवढंच.
"कागदाला. पंचवीस यार्डांवरून."
चष्मा कपाळावर सरकवून तिनं
सिलिंडरवर कोरलेली गलबतं निरखली.
"शिडं बरी आहेत. लाटा उरकल्यात."
आणि जाता जाता: "तो डबा गराजमध्ये ठेव,
आणि त्यावर 'दारू' असं मराठीत लिहू नकोस,
रविवारी मंडळाची माणसं येतात."

शनिवारी मर्लच्या मेव्हण्याचं शेत,
मका निघालेला, धसकटं गोठलेली.
आधी दारू, मग गोळी. दांडा दाबला की
शिशाची पातळ कडी कातरून पडते,
तान्ह्या मुलाच्या बोटात बसेल एवढी.
पाच घरं भरायची. सहावं रिकामं,
त्यावर घोडा टेकलेला असतो.
मागे टिकल्या.
मर्लचा शब्द वेगळा आहे, पण मी टिकल्याच म्हटलं,
मोठ्यानं,
आणि तोंडात लाल कागदाची, ठेचलेल्या दगडाची
चव आली.

उडवलं.
आधी कानाला कळलं, मग मनगटाला,
मग नाकाला. डोळ्याला काहीच नाही:
पांढरा धूर, समोर ना कागद ना शेत.
"थांब," मर्लचा आवाज आला बाजूनं.
"ह्या वेळी कुणालाच काही दिसत नसतं."
वारा नव्हता. थांबलो.

पाचांतली एक लागली होती. तीही कोपऱ्यात,
जिथे छापणाऱ्या कंपनीचं नाव असतं.

रात्री सिंकमध्ये गरम पाणी, भांड्यांचा साबण,
निथळणारं काळं, नासक्या अंड्याचा वास.
वैजयंती काही न बोलता
भिजवलेली चिंच बशीत ठेवून गेली.
चौकट घासली. पुसली. गेज काढला.
आठ.
वहीत तारीख टाकली, पुढे आठ लिहिला,
आणि खाली पानभर
रेघा मारून ठेवल्या.