इतर हक्क

ओमाहाहून निघताना भाऊंनी विचारलं,
"डोंगर आहे का तिथे?"
नाही.
"किल्ला? देऊळ? निदान धबधबा?"
गवत आहे, भाऊ.
"मग तिकीट कशाचं?"
तिकीटही नाही म्हटल्यावर
ते जरा हिरमुसले
आणि सीटबेल्टशी नेहमीची झटापट उरकून
खिडकीबाहेरचा मका बघत बसले.

नेब्रास्कात रस्ते दोरी धरून आखलेले.
मैलभर सरळ, मग चौक,
मग पुन्हा मैलभर सरळ.
"मोजणी चोख झालीय,"
छत्तीस वर्षं तलाठी असलेला माणूस
कुणाच्या अक्षराचं कौतुक करावं तसा म्हणाला.

बिॲट्रिसच्या पुढे, माळावर,
नांगराच्या फाळासारखं उचललेलं छप्पर.
गाड्या लावायची जागा मुद्दाम
बरोबर एक एकराची केलीय, असं मी वाचून दाखवलं.
त्यांचा विश्वास बसेना.
कडेकडेने पावलं टाकत निघाले, ओठ हलवत,
एक मिनीव्हॅन हात दाखवून थांबवली.
परत आले, धापा टाकत.
"चाळीस गुंठे. भरतंय."

आत काचेआड मोजणीची साखळी.
शंभर कड्या, सहासष्ट फूट.
"आपली तेहतीस. बरोबर दुप्पट,
एकाच माहेरच्या दोघी."

मग कागद.
अर्जदार. एकशे साठ एकर. पाच वर्षं वहिवाट.
घर चौदा बाय सोळा, दार एक, खिडक्या दोन.
साक्षीदार दोन, शेजारचेच.
काचेला न लावता बोट ओळीवरून फिरत होतं.
इंग्रजी त्यांना अडतं,
रकाने अडत नाहीत.

टेबलामागच्या डार्लीन नोव्होत्नीबाईंनी
उद्यानांचं छोटं निळं पुस्तक दिलं,
ज्या त्या जागी जाऊन शिक्का मारायचा.
भाऊंनी तारीख तपासली, पॅड दाबून बघितलं,
मागे चार पोरं ताटकळलेली.
मारला. फुंकर घातली.
"शाई वाळलीय. यांना सांग,
दोन थेंब एरंडेल सोडा."
मी सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

"आणि हे विचार," ते म्हणाले,
"या सगळ्यांच्या आधी कब्जेदार कोण?"

कब्जेदारला इंग्रजीत काय म्हणतात, मला सुचेना.
तुमच्या आधी इथे कोण होतं, एवढंच विचारलं.
बाईंनी चष्मा काढला.
ओटो, म्हणाल्या. मिझूरिया. आणखीही.
त्यांना दक्षिणेला पाठवलं, ओक्लाहोमात.
माझ्या पणजोबांचा कागद आहे इथे,
त्यावर तसा रकाना नाही.

"फेरफार क्रमांक?"
सवयीने निघून गेलं त्यांच्या तोंडून.
ते मी भाषांतरात घेतलं नाही.

मागच्या वाटेवर गवत भाऊंच्या डोक्यावरून.
नातवाची लाल टोपी तेवढी पुढे चाललेली,
मधेच दिसेनाशी.
मी हाक मारली. ओ नाही.
ओढ्याजवळ सापडले,
तीन बोटांचं कणीस चिमटीत धरून.
"मारवेलच्या भावकीतलं दिसतंय."
मग बराच वेळ काही नाही.
मग, गवताकडेच बघत,
"चावडीवर एक पारधीण यायची.
म्हणायची, माझं नाव लाव.
मी म्हणायचो, कागद आण.
ती हात करून टेकडी दाखवायची.
आम्ही हसायचो. कोतवालसुद्धा."

वारा आला, गवत एका अंगाला झुकलं,
टोपी सावरत ते गाडीकडे वळले.
वाटेत भूक लागली म्हणाले,
पेट्रोलपंपावरचं सँडविच अर्धं खाल्लं,
अर्धं माझ्यासाठी ठेवलं.

रात्री ओट्यावर ते निळं पुस्तक उघडं होतं.
शिक्क्याखाली पेन्सिलीने, दप्तरी वळणात:
इतर हक्क – ओटो, मिझूरिया व आणखी.
त्याखाली, ओळ सोडून, खोडून, पुन्हा लिहिलेलं:
ती बाई.
नाव विचारलं नव्हतं.