रा

आमच्या घरी रा म्हणजे ये.
विड्यांच्या सुपावरून मान न उचलता
आई म्हणायची, रा,
आणि मी जायचो.
ते अक्षर मात्र माझ्याकडे यायचं नाही.

नाव वीरेशम, आडनाव इराबत्ती.
हजेरीला उभा राहिलो की
वीलेशम इलाबत्ती,
आणि मागची तीन बाकं हसून आडवी.
गुरुजी फळ्यावर लिहायचे दर्या, मग दऱ्या.
एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या,
फरक फक्त पापणीएवढा.
माझ्याकडे दोन्ही नव्हतं.
तसं सोलापुरात तरी कुठे आहे?

इमामसाब बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे.
कन्ना चौकात वरात थांबली की
वरच्या सुरावर जाऊन तो सूरच फाडायचे,
फर्रर्र,
पत्र्यावरनं पारवे उठावेत तसा.
मी विचारलं, हे कसं कलता?
हसले नाहीत.
गच्चीवरची ओली चादर दाखवली.
"वो कुछ करती क्या? हवा करती.
तू जीभ को कुछ नक्को कर.
टाळू को टेका, और भूल जा."

विसरायला मला दीड वर्ष लागलं.

मे महिना. खाली चार माग चालू,
नाना बॉबिन भरत होते.
त्या खडखडाटात आमच्या घरी
कुणीच कुणाचं ऐकत नसे,
बोलणं ओठांवरून वाचायचं.
मी कोपऱ्यात तोंड उघडून नुसतीच हवा सोडत होतो
आणि हनुवटीखालच्या हाताला
काहीतरी लागलं.
थरथर.
कानाला नाही, बोटांना कळलं.
मी पुन्हा केलं. पुन्हा.
नानांपुढे जाऊन केलं.
त्यांनी माझे ओठ पाहिले,
पाणी हवंय समजून
तांब्याकडे बोट केलं.

परवा साखर पेठेत गेलो होतो.
इमामसाबांची उजवी बाजू गेलीय.
रीड अजून पेल्यात भिजत घातलेली,
सून म्हणाली, रोज पाणी बदलायला लावतात.
त्यांनी बराच वेळ मला पाहिलं,
ओठांची जुळवाजुळव केली
आणि म्हणाले,
वीलेशम.

हुबेहूब. तिसऱ्या बाकावरून आल्यासारखं.

हो मास्तर, म्हटलं.
दुरुस्त नाही केलं.
दोरीवर चादर होती,
वारा पडलेला.