कित्ता

गावच्या शाळेने जल्लादाच्या पोरीला बाकावर घेतलं नाही,
म्हणून बापाने अक्षरं शिकवली
तलवारीवर.

चुलीजवळ, लोकरीच्या फडक्यावर ती आडवी पडायची,
जवळपास माझ्याच उंचीची.
टोक नव्हतंच तिला. बोथट, गोल,
बापाच्या अंगठ्यासारखी संपायची.
"हिला कुणाशी लढायचं नसतं, अपोलोनिया.
मग टोक कशाला?"

एका अंगाला चाक कोरलेलं.
मला ते बैलगाडीचं वाटायचं
आणि मी विचारायचे, दुसरं कुठंय?
आई तेव्हा उठून उगाच सरपण आणायला जायची.
दुसऱ्या अंगाला तराजू धरलेली बाई.
सोलिंगेनच्या कारागिराने तिला केस दिले होते सुरेख,
एकेक बट निराळी,
आणि चेहऱ्याला तीन टिंबं. घाईत असावा.

मधल्या पन्हळीत ती ओळ.
तेलाच्या बोटाने गिरवायची,
धारेपासून दोन जव अंतर राखून,
मोठ्याने म्हणत.
मी हात उचलतो तेव्हा
देवा, तू या माणसावर दया कर,
असं काहीसं.
'दया'मधलं दुसरं अक्षर कारागीर विसरला होता.
मग आठवल्यावर वरच्या अंगाला, ओळीबाहेर,
बारीक करून बसवलेलं,
उशिरा आलेला पाहुणा उंबऱ्यातच थांबावा तसं.

एकदा विचारलं, त्या सकाळी तुम्ही वाचता का हे?
म्हणाला, उचलली की ती माझ्या डोक्यामागे.
त्याच्या डोळ्यांवर पट्टी. लोक लांब.
मग कुणासाठी?
त्याने पातं पुसलं. पुन्हा पुसलं.
"पुढचं अक्षर सांग."

रात्री मागच्या दाराने माणसं यायची
निखळलेले खांदे घेऊन.
तो बसवून द्यायचा, त्याच हातांनी.
उजाडलं की तीच माणसं रस्ता बदलायची.

माझं लग्न नेकारपलीकडच्या जल्लादाच्या मुलाशी झालं,
दुसरं कोण येणार होतं?
बाप गेला तेव्हा तिकडच्या पाद्रीबाबांचं पत्र आलं,
चार ओळींचं. त्यात तो शब्द होता,
पाचही अक्षरं एका रांगेत, नीट.

दिव्याशी नेऊन पुन्हा पाहिलं.
एवढे शिकलेले पाद्रीबाबा,
आणि एवढा साधा शब्द चुकले.