कागद कुठे तुटला

सप्टेंबरच्या पहिल्याच तासाला मी खुणा करायचे.
हजेरीच्या यादीत, शिसपेन्सिलीने, नावाच्या डावीकडे
एक बारीक टिंब: हा तरणार.
टिंब नाही: हा नाही.
एकोणीस वर्षं ओऊलूच्या विद्यापीठात
तुळया, टेकू, भार, आघूर्ण शिकवले,
आणि मे महिन्यात निकाल लागला की यादी काढून बघायचे.
काळ्या दगडावरची रेघ. क्वचितच चुकायचे.
याचा मला अभिमान होता,
हे लिहिताना आता हात जरा अडतो.

रेइयो किन्नुनेनच्या नावापुढे टिंब नव्हतं.
सत्तेचाळीस वर्षांचा, मागच्या बाकावर.
कागदाच्या गिरणीत चोवीस वर्षं काढली,
मग गिरणीच बंद पडली.
लोकरीचे ओले हातमोजे रेडिएटरवर वाळत टाकायचा
आणि वर्गभर मेंढीचा वास सुटायचा.
त्याने काही विचारलं की मी सावकाश बोलायचे, गोड,
सोपं करून, अर्धंच सांगायचे.
टिंबवाल्यांवर मात्र रागवायचे,
अवघड गणित द्यायचे,
चुकलंय, पुन्हा करून आणा, म्हणायचे.

पहिल्या परीक्षेत नापास. दुसऱ्या.
तिसऱ्यानंतर तो माझ्या खोलीत आला.
नोव्हेंबर. साडेतीनलाच खिडकी काळी.
वाटलं, आता गुणांसाठी गयावया करणार.
सांत्वनाचं एक वाक्य मी तयार ठेवलं होतं,
प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं असतं,
असलं काहीतरी.

त्याने निळ्या पुठ्ठ्याची वही उघडली.
"ही चूक नवी आहे," म्हणाला.
खुशीत होता!
"आधी दोन्ही वेळा टेकूपाशी तुटला.
या खेपेला टेकू ओलांडला, पुढे चिन्हापाशी तुटला."
"कोण तुटला?"
"कागद."

मग सांगत बसला:
यंत्रावरून ओला पट्टा धावतो, खोलीएवढा रुंद,
आणि तुटतो. एका रात्रीत दोनदा, कधी पाचदा.
तुटला की नोंद करायची. वाजले किती,
कुठल्या रुळापाशी, लगदा कसा होता, ताण किती.
"चोवीस वर्षांत कुणीही त्या वहीत लिहिलं नाही
की यंत्र मठ्ठ आहे."
एवढं बोलून त्याने कॉफी मागितली.

त्या रात्री सायकल हाताने ढकलत घरी गेले.
पुलावर वारा, पायाखाली करकरणारा बर्फ.
पालथ्या घड्यावर पाणी,
असं मी मनात किती जणांना म्हटलं असेल,
आणि घडा पालथा घातला कुणी?
टिंब नसलेली नावं आठवायला लागले.
आठवेनात.
चेहरेही.
ते जास्त लागलं.

म्हणून ही वही. माझी.
सातवा तास: कैचीच्या तिसऱ्या सांध्यापाशी वर्ग तुटला.
दहा वाजून वीस. ताण जास्त, फळा घाईने पुसला.
अकरावा: तुटला नाही. का, ते कळलं नाही.
बारावा: मीच चुकले, पिल्वीने हात वर करून दाखवलं.
चिन्ह. रेइयोचंच.

यादी अजूनही येते सप्टेंबरात.
हात सवयीने डावीकडे जातो,
पेन्सिल टेकते,
एखाद वेळी टिंब पडतंही.
खोडते. खोडलेलं दिसत राहतं.

रेइयोला चौथ्या खेपेला पाचपैकी दोन मिळाले.
म्हणजे पास.
दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा,
हातमोजे दातांनी ओढत, वही काखेत:
"उरलेले तीन कुठे तुटले?"