पाच मिनिटं हात न हलल्यास

सोहारच्या किनाऱ्यावर आम्ही समुद्र गोडा करतो.
म्हणजे पंप करतात. मी सदतीस संगणक सांभाळते,
जे नाहीत.
थंड खोलीत चार लोखंडी पेट्या,
त्यांच्या पोटात हे सदतीस;
प्रत्येकाची समजूत की आपल्याला पडदा आहे, माऊस आहे,
समोर खुर्चीत कुणीतरी आहे.

मार्चमध्ये हेड ऑफिसचा हुकूम आला:
पाच मिनिटं हात न हलल्यास कुलूप. सरसकट.

आता, खमीस अल बलूशी हात हलवत नाही.
रात्रपाळीत तो दाबाच्या आकड्याकडे बघतो,
बिळाशी मांजर बसावं तसा.
समुद्रातून जेलीफिश येऊन जाळीला चिकटू लागल्या
की आकडा आधी थरथरतो, घंटा मागाहून वाजते.
त्या थरथरीसाठी तो बसलेला,
आणि यंत्राला वाटतं, उठून गेला.
पडदा काळा. कुलूप.
आत आणखी एक पडदा, त्याला वेगळं कुलूप.
बाहेरचा पासवर्ड आत, आतला बाहेर,
तीनदा चुकला की मला फोन.

(आईही जतहून व्हिडिओवर हेच:
अगं, फोन अडकला का? तू हलेनास.
बघतेय गं तुला, म्हटलं.)

एप्रिलमध्ये खमीसचे फोन थांबले.
जाऊन पाहिलं तर माऊसखाली मनगटी घड्याळ,
त्याच्या वडिलांचं, काच ओरखडलेली.
सेकंदकाटा फिरतो, पडद्यावरचा बाण केसभर सरकतो,
यंत्राची खात्री पटते.
"अब्बा को गुजरे छह साल हुआ," खमीस म्हणाला,
"अभी भी नाइट करते हैं."

अहवालात मी घड्याळ लिहिलं नाही.

बाकीच्या छत्तीसांचे स्क्रीनसेव्हर एकेक करून बंद करत गेले.
कुणालाच न दिसणाऱ्या पडद्यांवर
रात्रभर पाइप उगवत होते, बुडबुडे आपटत होते,
आणि फुकटची वीज खात होते.

एकोणिसावं यंत्र हमदुलेंनी उभारलेलं.
ते दापोलीकडचे. मी यायच्या आधीच परत गेले,
त्यांची खुर्ची मला मिळाली, पाठीच्या उशीसकट.
त्या यंत्रात काळ्यावर पिवळी अक्षरं
उजवीकडून डावीकडे सरकत होती:
चाय पिऊन येतो. बंद करू नको.
चार वर्षं.
प्रोसेसर अकरा टक्के.

मी वाचत बसले. किती वेळ, कळलं नाही,
कळलं तेव्हा माझाच पडदा काळा.
पासवर्ड टाकला. चुकला. तो आतला होता.
पुन्हा टाकला.
मग हमदुलेंचं वाक्य बंद केलं.
अकराचे दोन झाले. खाली पंप तसेच घरघरत होते.

खमीसच्या यंत्राला सूट हवी तर फॉर्म भरायचा असतो.
कारणाच्या चौकटीत मी लिहिलं: माणूस बघत बसलेला आहे.
हेड ऑफिसनं विचारलं, पुरावा?

ते अजून तिथंच अडलंय.
घड्याळाला किल्ली खमीस रोज देतो,
पाळी सुरू होताना, उभ्यानंच.