विषय क्रमांक सात

सभा शाळेच्या व्यायामशाळेत,
कारण नगरपालिकेचं दालन पुरलं नसतं.
भिंतीला टेकवलेल्या गाद्या, छताला लटकणारे दोर,
दाराशी एकशे चाळीस माणसांचे ओले बूट
एकमेकांत मिसळलेले.
बाहेर दुपारी दोनलाच अंधार. फ्योर्डवर वारा.

मी इतिवृत्त लिहिते. बावीस वर्षं.
स्कार्वहोल्ममध्ये कोण बोललं, काय बोललं, एवढंच.
कसं बोललं, ते माझ्या कामात येत नाही.

विषय क्रमांक सात :
धावपट्टी आठशे मीटरची बाराशे करावी का,
आणि करायची तर पैसे कुणाचे.
निम्मे सरकारचे.
उरलेले निम्मे म्हणजे आमची घरपट्टी,
वीस वर्षं.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
वेळ मोजायला शाळेच्या स्वयंपाकघरातलं
अंडी उकडायचं घड्याळ,
कोंबडीच्या आकाराचं.

एइलिफ, मासळी कारखान्याचा :
"सॅमन मंगळवारी पाण्याबाहेर काढला
की शुक्रवारी टोकियोत हवा.
ट्रकने जाता जाता तो म्हातारा होतो."
(हशा. हशा मी लिहीत नाही.)

ओस्ने, प्राथमिक शाळेची :
"सुतारकामाचा वर्ग बंद केलात, पैसे नाहीत म्हणून.
तेव्हा हात आखडला होता,
आता मूठ कशी उघडली?"

माग्नहिल्ड, परिचारिका :
"नोव्हेंबरात रुग्णविमान दोनदा घिरट्या घालून परत गेलं."
एवढंच बोलून ती बसली, दोन मिनिटं शिल्लक ठेवून.
कुणी मागे वळून पाहिलं नाही
तिसऱ्या रांगेत टोपी चुरगाळत बसलेल्या स्वेरेकडे.
न पाहण्याचाही एक आवाज होतो.

ट्युगे, एकोणीस वर्षांचा, पहिल्यांदाच माईकसमोर :
"लांब धावपट्टी झाली तर आम्हाला जाणं सोपं.
येणं... ते माहीत नाही."
त्याची आई तिथूनच, उभी न राहता :
"म्हणजे आम्ही पदरमोड करून
तुम्हाला निरोप द्यायचा?"
तिचा नंबर लागला नव्हता. तरी मी लिहिलं.

मग राजधानीतला सल्लागार.
त्याचं विमान उतरू शकलं नव्हतं,
शेजारच्या शहरात उतरून नऊ तास बसने आला,
पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.
त्याने तोंड उघडायच्या आधीच
डावीकडचे ओरडले, "बघा, विमान उतरत नाही!"
उजवीकडचे ओरडले, "बघा, बसने पोचता येतं!"
बिचारा दोन्हीकडे मान हलवत राहिला.
त्याने पडद्यावर टाकलेली प्रवाशांची चढती रेघ
वाऱ्याने हलणाऱ्या दोरांवर पडली
आणि डोलू लागली.

शेवटी तोर्बियर्ग. वय शहाऐंशी.
ती माईककडे गेली नाही. नकाशाकडे गेली.
चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
लाल रेघेवर बोट ठेवून हळूहळू सरकवत नेलं,
समुद्राच्या कडेने, चर्चच्या मागून,
बाराशेव्या मीटरपाशी थांबवलं.
तिथे तिचं बटाट्याचं तळघर आहे.
हे सगळ्यांना माहीत आहे, नकाशाला नाही.
ती काही बोलली नाही.
बोट तिथेच.
एइलिफने खाली पाहिलं.
कोंबडी वाजली.

ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब.
खुर्च्या रचताना कुणीतरी कॉफी उरली का विचारलं.

मी रात्री लिहायला बसले.
'श्रीमती तोर्बियर्ग यांनी तीन मिनिटं घेतली.'
खोडलं.
'मत मांडलं.' खोडलं.
शेवटी नियमाप्रमाणे : 'मत नोंदवलं गेलं.'
इतका खोटा आणि इतका खरा शब्द
बावीस वर्षांत लिहिला नव्हता.

दिवा मालवायला उठले तेव्हा दिसलं,
माझा डावा बूट माझा नाही.
एक नंबर मोठा, टाच झिजलेली,
आत मासळीचा वास.
तीन दिवस झाले,
अजून कुणी विचारायला आलेलं नाही.